गिझर, ब्लोअर आणि ताजा कलम

पुण्यातल्या वारज्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"काका, नमस्कार. आम्ही जूनमध्ये इथे भाड्याच्या टू बीएचकेत राहायला आलो. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि दिवाळीनंतर कराडहून आलेल्या सासूबाई. ऑक्टोबरच्या बिलात १७८ युनिट होते, जानेवारीच्या बिलात ३८५! बाथरूममध्ये घरमालकांचा २५ लिटरचा जुना गिझर आहे. नवऱ्याचं म्हणणं, तो दिवसरात्र चालूच ठेवावा, कारण गार झालेलं पाणी पुन्हा पहिल्यापासून तापवायला जास्त वीज लागते. मी येताजाता बटण बंद करते, तो येताजाता चालू करतो. तो शॉवर घेतो, बाकी आम्ही तिघी बादलीवाल्या. तो आंघोळ करून आला की माझ्या वाट्याला कोमट पाणी. सासूबाईंचे गुडघे थंडीत धरतात म्हणून ब्लोअर आणलाय, तो रात्री दीडेक तास चालतो. सोसायटीला सोलर आहे, पण आमच्या दुसऱ्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाहून जातं. कोणाचं बरोबर? आणि बिल आटोक्यात कसं आणायचं?

ता. क. : गिझर चालू असताना नळाला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात. घरमालक नाशिकला असतात. ते म्हणाले, जुन्या बिल्डिंगमध्ये असं होतंच, चप्पल घालून आंघोळ करा."

ताई, तुमचं पत्र मी खालून वर वाचणार आहे. बिलाचं बघू सावकाश. आधी उठा, गिझरचा स्विच बंद करा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि वायरमन बघून जाईपर्यंत कोणालाही तो चालू करू देऊ नका. चार दिवस पातेल्यात, गॅसवर पाणी तापवा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ताजा कलमात ढकललेली ही ओळ तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

झिणझिण्या येतात म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण मालकांशी बोलताना ते उपयोगी पडेल. गिझरचा एलिमेंट म्हणजे धातूची नळी, तिच्या आत तापणारी तार, आणि दोघांच्या मध्ये ठासून भरलेली पांढरी पूड. ती पूड वीज अडवते, उष्णता जाऊ देते. वर्षानुवर्षं पाण्यात राहून नळीला बारीक भोक पडलं की ओल आत शिरते आणि वीज टाकीच्या पत्र्यात, तिथून पाण्यात झिरपते. हा झाला गिझरचा बिघाड. पण असा बिघाड झाला तरी नळाला हात लावणाऱ्याला काही कळता कामा नये. अर्थिंग ठीक असेल तर ती वीज अर्थच्या वायरने निमूट निघून जाते. तुम्हाला झिणझिण्या येतात, याचा अर्थ ती वाटही बंद आहे. म्हणजे बिघाड एक नाही, दोन आहेत. एक गिझरचा आणि एक घराच्या वायरिंगचा.

चपलेबद्दल. ओल्या फरशीवर ओली चप्पल, एक हात नळावर आणि दुसरा भिंतीला टेकलेला. वीज पायातूनच जाते असं कोणी सांगितलं? या हातातून त्या हातात जाताना ती छातीतून जाते. ते कधीकधीच जाणवतं म्हणजे धोका कमी आहे, असंही नाही. भोक मोठं होत जातं, लहान नाही.

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडची पोरं शिकवण्यात आयुष्य काढलं, त्यामुळे येणाऱ्या वायरमनकडून काय करून घ्यायचं ते नीट सांगतो. गिझरच्या पॉवर पॉइंटवर त्याने मीटर लावून फेज (वीज आणणारी वायर) आणि अर्थमध्ये किती व्होल्टेज आहे ते दाखवावं. २३०च्या आसपास यायला हवं. पण तेवढ्यावर सोडू नका. अर्धवट तुटलेल्या अर्थिंगवरही मीटर २३० दाखवतो, कारण मीटर वीज जवळपास ओढतच नाही. त्याला फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा दिवा लावून बघायला सांगा. दिवा लख्ख पेटला तर अर्थिंग जिवंत आहे, मिणमिणला तर नाही. मग मीटरच्या बोर्डापासून गिझरपर्यंत अर्थची वायर कुठे तुटली आहे ते शोधायचं. त्यानंतर बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्यायचा. दुकानात त्याला आरसीसीबी म्हणतील, एकच समजा. गळती होताक्षणी तो सगळी लाइन पाडतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. खटकन पडला तर ठीक.

आणि एक गोष्ट करू द्यायची नाही. काही कारागीर अर्थ सापडली नाही की प्लगच्या आतच न्यूट्रलवरून (वीज परत नेणाऱ्या वायरवरून) अर्थच्या पिनला एक तुकडा जोडून देतात. मीटर लावला की २३०, दिवा लावला की लख्ख, सगळं छान दिसतं. नारायण पेठेत आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा एकाने हे करून दिलं होतं. दोन महिन्यांनी बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला आणि फ्रिजचा अख्खा पत्रा फेजवर आला. बायकोच्या हातातलं दुधाचं पातेलं उडालं, ती थोडक्यात वाचली. तेव्हापासून प्लग उघडून आत बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही. तुम्हीही उघडायला लावा.

आता मालक. तुमचा लिव्ह अँड लायसन्सचा करार काढा. त्याला जोडून सामानाची यादी असते, त्यात गिझर आहे का बघा. किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची, मोठी मालकाची, असं एखादं कलम बहुतेक करारांत असतं. एलिमेंट किरकोळात मोडतो की मोठ्यात, यावर वाद घालता येईल. भिंतीतल्या अर्थिंगवर नाही. वायरिंग हा घराचा भाग आहे, ते तुम्ही जाताना उचलून नेणार नाही. फोनवर बोलू नका, लिहून पाठवा: "काका, बाथरूमच्या नळाला शॉक लागतो. वायरमनने तपासलं, अर्थिंग तुटलं आहे, फोटो सोबत आहेत. दुरुस्ती आणि ईएलसीबीचा खर्च इतका. तुम्ही करून देता, की मी करून पुढच्या भाड्यातून वळता करू? शुक्रवारपर्यंत कळवा. तोवर गिझर बंद ठेवला आहे." भाषा सौम्य, तारीख ठाम. समोर लेखी आलं की चपलेचा सल्ला देणारा माणूसही जरा जपून बोलतो. शुक्रवार उलटला आणि उत्तर आलं नाही, तर अर्थिंगचं काम तुम्ही करून टाका आणि पैशांसाठी मागाहून भांडा. उलट क्रम नको.

ते बदली म्हणून गॅस गिझर बसवून देतो म्हणाले, तर बाथरूमच्या आत तो नको. बंद बाथरूममध्ये त्याच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. दर हिवाळ्यात पेपरात अशी एखादी बातमी असतेच. गॅस गिझर लावायचाच तर ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेत. याच कारणासाठी सासूबाईंच्या खोलीत दार लावून कोळशाची शेगडीही नको.

बिलाकडे येऊ. १७८ चे ३८५ झाले, म्हणजे २०७ युनिट वाढले. कुठून? एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास वीज लागते. गिझर कोणत्या कंपनीचा, किती स्टारचा, यावर हा आकडा हलत नाही, तो पाण्याचा आहे. थंडीत टाकीतलं पाणी साधारण २० अंशांचं धरू आणि आंघोळीचं ४२ चं. १८ लिटरची बादली २२ अंशांनी तापवली की लागते ०.४६ युनिट. म्हणजे अर्ध्या युनिटात एक आंघोळ. तुम्हा तिघींच्या मिळून १.४ युनिट.

नवऱ्याच्या शॉवरचं पाणी मिनिटाला ९ लिटर धरू आणि तो ६ मिनिटं आत असतो असं मानू (हे मी उदार होऊन धरतोय). ५४ लिटर. १.४ युनिट. तो एकटा तुम्हा तिघींएवढं पाणी घेतो. तुमचं कोमट पाणी इथेच आहे. २५ लिटरची टाकी ६० अंशांवर असली, तर त्यात विसण घालून ४२ अंशांचं साधारण ४५ लिटर पाणी होतं. त्याने ते संपवलं की पुढच्याला टाकी नव्याने भरून तापायची वाट बघणं आलं.

तर आंघोळी दिवसाला २.८ युनिट. जुना गिझर दिवसभर चालू राहिला, तर टाकीच्या अंगातून जाणारी ऊब भरून काढायला आणखी अर्धा ते एक युनिट जातं. तुमचा म्हातारा आहे, एक धरू. ३.८ झाले, महिन्याला ११४. ब्लोअर २००० वॅटवर दीड तास म्हणजे ३ युनिट, महिन्याला ९०. बेरीज २०४. इतका जुळलेला हिशोब मलाच संशयास्पद वाटतो. त्यात पंखे बंद झाल्याची बचत धरलेली नाही आणि ब्लोअर मध्येच आपोआप बंद पडत असेल तेही नाही. पण पैसे कोणत्या दाराने बाहेर जातात ते दिसायला एवढं पुरे.

आणि बघा, तुम्ही दोघं ज्या बटणावरून भांडताय, ते दार या सगळ्यांत सर्वांत अरुंद आहे.

महावितरणच्या घरगुती बिलात १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा, असे टप्पे असतात. सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो असा एक गैरसमज आहे, तसं नाही. त्या त्या टप्प्यात पडणाऱ्या युनिटांनाच तो दर लागतो. तुमचे ८५ युनिट तिसऱ्या टप्प्यात पडले. तेव्हा वाचवलेलं प्रत्येक युनिट आधी या महाग ८५ मधून कमी होतं, त्यावरचा वहन आकार आणि वीज शुल्कही सुटतं. बिलाच्या मागे दर छापलेले असतात, एकदा स्वतः मांडून बघा. नवऱ्याला एक्सेल येत असेल तर त्याला बसवा, त्याचं मन रमेल.

ब्लोअरपासून सुरू करू, कारण तिथे मोठी बचत आहे आणि सासूबाईंना जास्त ऊब मिळेल. विरोधाभास वाटतो, पण हिशोब ऐका. १० बाय १२ची खोली, १० फूट उंच. त्यातली सगळीच्या सगळी हवा १० अंशांनी तापवायला एका युनिटाचा जेमतेम नववा भाग पुरतो. मग तीन युनिट जातात कुठे? भिंतीत, स्लॅबमध्ये, फरशीत आणि सरकत्या खिडकीच्या दोन काचांमधल्या फटीतून. ब्लोअर बंद केल्यावर पंधरा मिनिटांत खोली पुन्हा तशीच, कारण हवा तापली होती, भिंती नाही. आपल्याकडची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. दिल्लीवाल्यांसारखा तेलाचा रेडिएटर घेऊ का, असं कोणी विचारलं तर सांगतो, घ्या, पण वीज वाचेल म्हणून नाही. एका युनिटातून जेवढी उष्णता निघायची तेवढीच निघते, यंत्र हजाराचं असो की दहा हजारांचं. तेलाचा संथ तापतो, आवाज करत नाही, बंद केल्यावर थोडा वेळ ऊब धरतो, एवढाच फरक.

पुण्याच्या थंडीचा स्वभाव लक्षात घ्या. जानेवारीत दुपारी पारा तिशीच्या आसपास आणि पहाटे दहा-बारावर, कधी त्याच्याही खाली. पेपरात येतं ते तापमान शिवाजीनगरच्या वेधशाळेचं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, म्हणून आपण अजून त्या चौकाला सिमला ऑफिस म्हणतो. पण तो आकडा शहराच्या मध्यावरचा. वारजं नदीच्या बाजूला आणि टेकडीच्या पायथ्याशी, गार हवा उतरून तिथे साचते, त्यामुळे तुमची पहाट पेपरातल्यापेक्षा बोचरी असली तर नवल नाही. दिवसभर मात्र ऊन फुकट आहे. सासूबाईंच्या खोलीचे पडदे दुपारी सताड उघडे, गादी-पांघरूण उन्हात, आणि साडेपाचला, ऊन उतरायच्या आत, खिडक्या घट्ट बंद, पडदे ओढलेले. आपण नेमकं उलट करतो. संध्याकाळी घरी आलो की हवा खेळू दे म्हणून खिडक्या उघडतो आणि दहा वाजता ब्लोअर लावतो. सरकत्या खिडकीच्या फटीला लावायची ब्रशची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चिकटवायची असते, भिंतीला भोक नाही, डिपॉझिटला धक्का नाही.

मग खोली नाही, माणूस तापवायचा. रबरी पिशवीत दोन लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवून घातलं, तर वीज लागते ०.१२ युनिट. किटली उकळायच्या बरंच आधी ते होतं. झोपायच्या अर्धा तास आधी ती गादीत गुडघ्यांच्या जागी ठेवायची, वर गोधडी. अंथरुणात शिरताना तिथली जागा उबदार असते, गुडघे आपोआप सैल पडतात. पिशवीला कापडी खोळ हवीच. सासूबाईंना मधुमेह असेल आणि पावलांची जाणीव कमी झाली असेल, तर त्या झोपायच्या आधी पिशवी काढून घ्या. भाजलेलं त्यांना कळत नाही, सकाळी फोड दिसतो. गादीवर अंथरायचं विजेचं ब्लँकेटही मिळतं, शंभरेक वॅटचं. झोपायच्या आधी अर्धा तास लावून मग बंद. ब्लोअर हवाच असेल तर त्या कपडे बदलतात तेवढी वीस मिनिटं. रोजचे ३ युनिट पिशवी धरूनही पाऊणच्या आसपास येतात. महिन्याला साठ-सत्तर वाचले.

तुमचा ब्लोअर कोणत्या प्लगला आहे ते लिहिलं नाहीत. जुन्या बिल्डिंगच्या बेडरूममध्ये सहसा पाच अँपिअरचेच पॉइंट असतात आणि ब्लोअरचा जाडा टॉप त्यात बसत नाही. मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो. २००० वॅट म्हणजे जवळपास पावणेनऊ अँपिअर, आणि त्या बोर्डची वायर चपलेच्या बंदाएवढी. बोर्डला हात लावून बघा. कोमट लागला, किंवा पिनेभोवती प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर आजच टाकून द्या. वायरमन येणारच आहे, त्या खोलीत जाड वायरचा एक पॉवर पॉइंट ओढता येतो का विचारून घ्या. नाही जमलं तर ब्लोअर हजार वॅटच्या खटक्यावर ठेवा.

सोलरचं थोडक्यात. गच्चीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी गार होतं आणि तुम्ही नळ सोडला की आधी तेच येतं. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटर. २५-३० मीटरच्या पाइपात सात-आठ लिटर मावतात, अर्धी बादली. दोन बादल्या जात असतील तर एकतर वरच्या पाइपावरचं आवरण फाटलंय, नाहीतर कुठेतरी गार पाण्याची लाइन त्यात मिसळते. एखाद्या घरातल्या डायव्हर्टरमधून (शॉवरच्या गरम-गार मिसळणाऱ्या नळातून) हे हमखास होतं, आणि ते घर कोणाचं हे शोधायला प्लंबरला सकाळी मजल्या-मजल्यावर फिरावं लागतं. सेक्रेटरींच्या मागे लागा. तोवर ते गार पाणी वाहू देऊ नका, भांडी-फरशीला होतं.

दुसरं, सोलरची टाकी सर्वांत गरम कधी असते? संध्याकाळी पाच-सहाला, दिवसभराचं ऊन पिऊन. आपण तिला रात्रभर गार होऊ देतो आणि पहाटे तिच्यावर तुटून पडतो. तुमच्या सोसायटीत संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडा असतो का विचारा. असेल तर लेकीची आंघोळ खेळून आल्यावर उरका. मळकी पोर धुवायची ती वेळही बरोबर.

आता तुमचा मूळ प्रश्न. कोणाचं बरोबर?

वीज कुठे जाते त्या हिशोबात तुमचं. टाकीतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जितकं गरम आणि जितका जास्त वेळ गरम, तितकी ऊब जास्त जाते. बंद टाकी हळूहळू गार होते, आणि गार होत गेली की तिच्यातून जाणारी ऊबही कमी होते. पुन्हा तापवताना तुम्ही तेवढीच भरून काढता, वर एक थेंब नाही. "पुन्हा पहिल्यापासून तापवायला जास्त लागते" हे माझ्या वर्गातली निम्मी पोरंही म्हणायची. ती बहुधा तांब्याच्या बंबाची आठवण असावी. बंब एकदा विझला की पुन्हा पेटवायला गोवऱ्या, चिपाडं, फुंकणी आणि डोळ्यांत धूर, म्हणून आई तो विझू द्यायची नाही. तो त्रास धुराचा होता. गिझरला फुंकर घालावी लागत नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला सांगू नका, त्याला खाली मीटरपाशी घेऊन जा. अर्थात दुरुस्ती झाल्यावर. मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल, तर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. गिझर तापत असताना तो सेकंदाला जवळपास दोनदा चमकतो, नाडी बघावी तसा. गिझर बंद आणि घरात नुसता फ्रिज असेल तर दोन चमकांमध्ये तुम्हाला "आता येईल" म्हणत उभं राहावं लागतं. मग एका रात्री अकराला गिझर तापवून तसाच चालू ठेवा, पाणी कोणी काढायचं नाही, मीटरचा आकडा दशांशासकट लिहून ठेवा आणि सकाळी सहाला परत बघा. दुसऱ्या रात्री तेच, गिझर बंद ठेवून. दोन आकड्यांमधला फरक हे तुमच्या गिझरचं रात्रभराचं भाडं. ते तुमच्याच मीटरने सांगितलेलं असल्यामुळे त्याला नाही म्हणता यायचं नाही.

थर्मोस्टॅटची कळ ७५ वर असेल तर ६० वर आणा. जास्त गरम केलं की विसण जास्त घालायचं, ऊब जास्त जाते आणि टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर एलिमेंटवर पांढरा थर लवकर चढतो. त्या थराने वीज जास्त जाते असं दुरुस्तीवाले सांगतात, ते अर्धंच खरं. वीज जायची तेवढीच जाते, एलिमेंट मात्र आतल्या आत तापून लवकर मरतो. ५० च्या खालीही ठेवू नका. कोमट, साचलेल्या पाण्यात जंतू पोसतात. ६० अंशांचं पाणी लहान मुलीला काही सेकंदांत भाजतं, म्हणून तिच्या बादलीत आधी गार पाणी, मग कढत. रोज, न चुकता, त्याच क्रमाने.

आणि एका बाबतीत तुमच्या नवऱ्याचं बरोबर आहे, तेही सांगायला हवं. सकाळी चौघांच्या आंघोळी पाठोपाठ असतील, तर दोघांच्या मध्ये तीन-तीनदा बटण बंद करण्यात काहीच वाचत नाही. तिथे तुम्ही उगीच धावता. पहिल्या आंघोळीच्या ३५ मिनिटं आधी चालू करा. २००० वॅटचा गिझर २५ लिटर पाणी २० वरून ६० वर न्यायला एवढाच वेळ घेतो. सासूबाई, मग लेक, मग तुम्ही. शेवटचा माणूस आत जाण्याआधी बटण कायमचं बंद, टाकीत उरलेल्या उबेवर त्याची आंघोळ होते आणि नळाला हात लावताना गिझरमध्ये वीजही नसते. त्याचा शॉवर त्याला लखलाभ, पण नंबर शेवटचा. मध्येच गार पाणी आलं की तो आपणहून बादली मागेल.